बिल्ला म्हणजे अमानत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात अमडापूर येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणिसांनी मला पत्र पाठवून ‘स्काऊट चळवळीचे महत्त्व’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी निवृत्त शिक्षक. महत्त्व या विषयावर मास्तर माणूस दोन तास सहज बोलू शकतो. पण तुम्ही शेतीची, दुकानाची, घरची कामे टाकून आला आहात. म्हणून मी व्याख्यान बाजूला ठेवले आणि घरातला एक पत्र्याचा डबा पिशवीत घालून आणला. बिस्किटांचा जुना डबा आहे. यात माझे आणि माझ्या घरातले स्काऊट-गाईडचे कापडी बिल्ले आहेत. आज त्यांतले चार तुम्हांला दाखवतो.

पहिला हा. जांभळ्या रंगावर पांढरे तीन पाकळ्यांचे फूल. जगभरच्या स्काऊटांची ही खूण आहे. जुन्या नकाशांवर उत्तर दिशा दाखवायला हेच फूल काढीत. वाट चुकू नये म्हणून बेडन-पॉवेल साहेबांनी ते निवडले. तीन पाकळ्या म्हणजे वचनाचे तीन भाग: ईश्वराविषयी आणि देशाविषयी कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि स्काऊटच्या नियमांचे पालन. दोन चांदण्या सत्याच्या आणि ज्ञानाच्या. भोवती दोर आहे आणि खाली त्या दोराची गाठ आहे.

ही गाठ नीट पाहा. तिला रीफ नॉट म्हणतात. आपल्या मराठीत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सोडता सोडत नाही. रीफ नॉटमध्ये दोघींचा गुण आहे. ताण पडला की ती घट्ट बसते आणि सोडायची म्हटली की सहज सुटते. शिवाय ती चपटी बसते, म्हणून जखमेच्या पट्टीला हीच मारतात; रोग्याला टोचत नाही. घरात, मोहल्ल्यात, गावात माणसांची नाती अशीच असावीत असे मला या वयात वाटते. त्या वयात मला एवढेच कळत होते की डाव्यावर उजवा, मग उजव्यावर डावा.

मित्रांनो, हा बिल्ला आज शाळेत सहज मिळतो. एके काळी तो आपल्या मुलांना मिळत नव्हता. 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर घेतले आणि तेथून ही चळवळ सुरू झाली. 1909 मध्ये ती बंगळूरला आली, पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. या देशातल्या मुलांना तिचे दार बंद होते. ते दार उघडण्यासाठी पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू, डॉ. अ‍ॅनी बेझंट, जॉर्ज अरुंडेल अशा मंडळींनी 1913 पासून आपल्या मुलांची पथके उभारली. त्यांतच एक नाव आपल्या नागपूरचे आहे, न्यायमूर्ती विवियन बोस. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. आपला बुलडाणा जिल्हा त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, तेव्हा ही आपल्याच प्रांताची गोष्ट समजा.

स्वातंत्र्यानंतर देशात स्काऊटांच्या निरनिराळ्या संघटना होत्या. त्या एक व्हाव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते, आपल्या प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा होते आणि न्यायमूर्ती बोसही होते. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली. 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत आली. म्हणून तिच्या चिन्हात स्काऊटचे फूल आणि गाईडची त्रिदले, दोन्ही आहेत. आणि त्यांवर अशोकचक्र आहे.

इतिहास एवढा पुरे. आता दुसरा बिल्ला. हा दाखवताना मला आजही थोडी शरम वाटते, पण तो दाखवण्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

हा प्रथमोपचाराचा बिल्ला. 1967 साल, मी आठवीत होतो. परीक्षेच्या दिवशी आम्ही मुले रांगेत उभे. माझ्या पुढचा मुलगा हुशार. त्याने सांगितलेली उत्तरे मी मागे उभा राहून ऐकली आणि तीच म्हणून दाखवली. पट्टी बांधायची वेळ आली तेव्हा परीक्षक दुसरीकडे वळले होते. माझ्या मित्राने भराभर माझी पट्टी बांधून दिली आणि मी हात वर करून ‘झाली सर’ म्हणालो. बिल्ला मिळाला. घरी आलो, अम्मीने तो शर्टाच्या बाहीवर शिवून दिला. मी मोहल्ल्यातून दोन चकरा मारून आलो.

दिवाळीनंतर ज्वारीची सोंगणी सुरू होती. शाळा सुटल्यावर मी बल्लाळदेवीच्या टेकडीच्या बाजूने, शेताच्या धुऱ्याने घरी येत होतो. अंगात गणवेश होता. एका वावरात आरडाओरडा झाला. सोंगणाऱ्या एका बाईच्या मनगटाजवळ विळा लागला होता. रक्त थांबत नव्हते. कोणी म्हणे चुना लावा, कोणी म्हणे हळद, कोणी माती चोळायला निघाले. तेवढ्यात एकाचे लक्ष माझ्या बाहीकडे गेले. तो ओरडला, “अरे, हा पोरगा स्काऊट आहे, याला येतं!” सगळ्यांनी मला वाट करून दिली.

मला काही येत नव्हते. गळ्यात स्काऊटचा स्कार्फ होता, तो त्याच कामासाठी असतो. तो सोडायचेही मला सुचले नाही. रक्त पाहून पाय लटपटले आणि मी पळून गेलो. होय, पळून गेलो. धुऱ्याच्या आड उभा राहून मागे पाहिले, तेव्हा एका म्हाताऱ्या मजूर बाईने आपल्या लुगड्याचा पदर जखमेवर दाबून धरला होता आणि तिचा हात उंच केला होता. तिला कोणत्याही शाळेने बिल्ला दिलेला नव्हता. तेवढ्याने रक्त आटोक्यात आले. जखमी बाईला बैलगाडीत घालून नेले, ती वाचली. पुढे अनेक वर्षे ती मला रस्त्यात दिसे. मला ती एक शब्द कधी बोलली नाही. तिच्या मनगटावरचा वण मात्र मला दुरूनही दिसायचा.

संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोहोचली होती. अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीने शर्ट मागितला. चिमणीच्या उजेडात बसून तिने ब्लेडच्या पात्याने बिल्ल्याचा एक एक टाका उसवला. मला वाटले, मार बसेल. तिने बिल्ला माझ्या हातावर ठेवला आणि एवढेच विचारले, “जो काम आता नहीं, उसकी निशानी क्यों पहनना, बेटा?”

पालकहो, माझी अम्मी शाळेत गेलेली नव्हती. पण शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मी नंतर जी पुस्तके वाचली, त्यांत परीक्षेविषयी यापेक्षा मोठे वाक्य मला सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या स्काऊट मास्तरांपुढे जाऊन सगळे कबूल केले आणि बिल्ला परत केला. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाले, “फेकत नाही. तुझा आहे, पण अजून तुझा झालेला नाही.” त्या हिवाळ्यात दर रविवारी मी गावातल्या एका कंपाउंडरकाकांकडे जाऊन बसलो. झाडलोट केली, पट्ट्या धुऊन वाळत घातल्या. ते मला पट्टी बांधायला शिकवीत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दाबून धरायचे, रोग्याला निजवायचे, हात किंवा पाय वर उचलून धरायचा आणि घाबरायचे नाही. स्कार्फची झोळी करून मोडलेला हात गळ्यात कसा अडकवायचा तेही शिकलो. उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा दिली. मास्तरांनी खण उघडला.

अम्मीने तो बिल्ला दुसऱ्यांदा शिवला. जवळ येऊन पाहणाराला कडेला सुईच्या भोकांच्या दोन रांगा दिसतील. एक पहिल्या शिवणीची, एक दुसरीची. घरातल्या सगळ्या बिल्ल्यांत मला हा प्रिय आहे तो त्या दुसऱ्या रांगेमुळे.

या बिल्ल्याने मला आणखी एक धडा उशिरा दिला. त्या काळी आम्हांला शिकवीत की साप चावला तर वरच्या बाजूला दोरी करकचून आवळा आणि चावलेल्या जागी काप घ्या. आज डॉक्टर सांगतात की हे दोन्ही करू नका. आवळल्याने हात-पाय गमावण्याची पाळी येते, आणि काप घेतल्याने विष निघत नाही, जखम मात्र वाढते. रोग्याला धीर द्यावा, चालवू नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हात-पाय हलू नये असा फळीला बांधून ठेवावा आणि तडक दवाखान्यात न्यावे, कारण सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, सगळे आहेत. म्हणून हे मुद्दाम सांगितले. भाजल्यावर शाई किंवा टूथपेस्ट लावण्याची चालही सोडा. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. सांगायचे काय, तर माझा 1968 चा बिल्ला 1968 च्याच ज्ञानावर लावून फिरलो असतो तर मी पुन्हा एकदा कोणाचा तरी घात केला असता. बिल्ला एकदा मिळतो, पण त्याची लायकी पुन्हा पुन्हा मिळवावी लागते.

तिसरा बिल्ला माझा नाहीच. हा वाघाचा. स्काऊटमध्ये सात-आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याला पशुपक्ष्याचे नाव असते. आमचा संघ घारीचा होता. वाघाचा बिल्ला एका घाटाखालच्या मुलाचा आहे.

1968 च्या डिसेंबरात आम्ही शिबिराला गेलो. त्या वर्षी रमजान त्याच दिवसांत आला होता. आमच्या पथकात आम्ही दोघेच मुसलमान मुले. मास्तर म्हणाले, शिबिरात दिवसभर मेहनत आहे, रोजा ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही ठेवायचे ठरवले, पण पहाटे उठवणार कोण, आणि एवढ्या थंडीत चूल पेटवणार कोण? शेजारच्या तंबूत वाघ संघ होता. त्यांच्यातल्या एका मुलाने आमचे बोलणे ऐकले असावे. त्याने संघनायकाकडून पहाटेचा पहारा मागून घेतला. पहाऱ्याची तीच पाळी कोणाला नको असते. पुढच्या दिवशी फजरच्या बऱ्याच आधी कोणीतरी तंबूच्या दोरीला हलके हिसडे दिले. बाहेर आलो तर चूल पेटलेली, तव्यावर रात्रीची भाकरी गरम होत होती आणि पातेल्यात चहा. तो मुलगा माळकरी घरातला होता, गळ्यात तुळशीची माळ होती. शिबिर संपेपर्यंत त्याने आम्हांला रोज उठवले. त्याविषयी तो कोणाशी बोलला नाही, आमच्याशीही नाही.

निघताना आम्ही बिल्ले बदलले. स्काऊटचा एक नियम आहे की तो सर्वांचा मित्र असतो. हा नियम मी कवायतीत शंभर वेळा म्हटला होता. त्याचा अर्थ मला त्या चुलीपाशी कळला. स्काऊटच्या वचनात ईश्वराविषयीच्या कर्तव्याचे शब्द आहेत. तो ईश्वर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे समजायचा. त्या मुलाने माझे कर्तव्य मला पार पाडता यावे म्हणून आपली झोप मोडली. वचनातला दुसरा भाग, दुसऱ्याला मदत, तो त्याने असा पाळला.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. मी शाळेत पथक चालवीत असताना अनेक पालक मला विचारीत, “मास्तर, याचा फायदा काय? मार्क मिळतात का?” विचारणे रास्त आहे. फायदा आहे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान असे चढत मुलगा राज्य पुरस्कारापर्यंत आणि तेथून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाऊ शकतो. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी नोकरभरतीचा कोटाही आहे. गरीब घरच्या मुलाला त्याचा उपयोग व्हावा, यात काही चूक नाही.

पण फायदा दिसला की माझ्यासारखी मुले निर्माण होतात, हेही ध्यानात घ्या. दुसऱ्याने केलेली नोंदवही, दुसऱ्याने बांधलेला पूल, विकत आणलेले हस्तकाम, आणि छातीवर बिल्ला आपला. कधी कधी हे काम मुलगा करीत नाही, त्याच्या प्रेमापोटी आपणच करतो. आपण म्हणतो, लेकरू आहे, एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते त्या दिवशी, ज्या दिवशी वावरात कोणी ओरडते की ‘याला येतं’ आणि सगळे त्याला वाट करून देतात. विहिरीत पडलेल्या माणसाला दोर सोडताना बोलाइनची गाठ मारतात, कारण तिचा फास आवळत नाही. त्या वेळी सरकणारा फास टाकला, तर वर ओढताना माणूस त्याच्यातच आवळला जातो. तेथे प्रमाणपत्र कामाला येत नाही.

स्काऊटमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा एक उपक्रम आहे. मुलाने स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे. मी कापूस वेचून आणि सायकली पुसून पैसे जमवले आणि माझा स्कार्फ घेतला. आपल्या घरांत हलाल कमाई हा शब्द मुलाच्या कानावर लहानपणापासून पडतो. तो फक्त पैशापुरता नसतो. मार्कही कमाई आहे, बक्षीसही कमाई आहे, नावलौकिकही कमाई आहे. लोक बिल्ला पाहून आपल्यावर भरवसा टाकतात. तो भरवसा त्यांचा आहे, आपल्याकडे ठेवायला दिलेला. यालाच आपण अमानत म्हणतो.

चौथा आणि शेवटचा बिल्ला माझ्या मुलीचा, गाईडचा. तिला शिबिराला पाठवायचे म्हटल्यावर घरात आणि नात्यात बरीच कुरकुर झाली. मुलीची जात, बाहेर मुक्काम, लोक काय म्हणतील. हे प्रश्न आजही या मंडपातल्या काही आईबापांच्या मनात असतील, आणि काळजीपोटी पडलेल्या प्रश्नांना मी हसणार नाही. शिबिरात गाईड कॅप्टन बाई असतात, त्यांना भेटा, मुक्कामाची जागा स्वतः पाहून या, मग ठरवा. आम्ही तेच केले. आणि हेही लक्षात असू द्या की भारतात गाईडची सुरुवात 1911 मध्ये जबलपूरला, म्हणजे आपल्या जुन्या प्रांतातच झाली. शंभरावर वर्षे आपल्या देशातल्या मुली ही वाट चालत आल्या आहेत. आपल्याच मुली मागे का राहाव्यात?

मुलगी शिबिराहून आली ती प्रथमोपचाराचा बिल्ला घेऊन. अम्मी तेव्हा म्हातारी झाली होती, डोळ्यांना कमी दिसायचे. तरी म्हणाली, आण, मीच शिवते. नातीने सुईत दोरा ओवून दिला. अम्मीने बिल्ला हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि शिवण्याआधी तिला विचारले, “काम आता है ना?”

मुलीने उत्तर दिले नाही. आपली ओढणी काढली, दादीचा हात धरला आणि बघता बघता त्याला झोळी बांधली. खांद्याजवळ रीफ नॉट, चपटी, न टोचणारी. अम्मी हसली. म्हणाली, “अब खोल, तो मैं सी दूँ.” गाठ एका हिसक्यात सुटली. त्या दिवशी बिल्ला शिवला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यातल्या कितीतरी जणांना बक्षिसे मिळाली. मनापासून अभिनंदन. घरी जाऊन ढाल, पदक, प्रमाणपत्र पुढे ठेवा आणि अम्मीचा तो प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ते भिंतीवर लावा. ‘नाही’ असेल तरी घाबरू नका. मी पळून गेलेला मुलगा आहे आणि आज तुमच्यापुढे उभा आहे. टाके उसवता येतात, शिकता येते, आणि पुन्हा शिवता येते.

पालकहो, मुलाने बिल्ला आणला तर तो दुसऱ्याकडून शिवून घेऊ नका. स्वतः शिवा. आणि सुई हातात घेण्याआधी एकदा विचारा.

कार्यक्रम संपल्यावर हा डबा मी खाली टेबलावर ठेवतो. मुलांनी यावे, बिल्ले हातात घेऊन पाहावेत, सुईच्या भोकांच्या दोन रांगा मोजाव्यात. शिकायची इच्छा असेल त्यांच्यासाठी माझ्या खिशात दोराचे चार तुकडेही आहेत.